सासूबाईंची नाडी

मराठीत शुद्ध हरपण्याला किती शब्द असावेत? भोवळ येते, घेरी येते, चक्कर येते, झीट येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. नाटकातल्या नायिकेला मूर्च्छा येते आणि शेजारच्या आळीतल्या मुलाला फेफरे येते. वर्गात समानार्थी शब्द शिकवताना ही यादी मी कितीदा तरी फळ्यावर लिहिली असेल. पण हे शब्द समानार्थी नाहीत, ही गोष्ट वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एम.ए. होऊन वीस वर्षे उलटल्यावर मला कळली. आणि ती कळावी म्हणून माझ्या सासूबाईंना तीनदा जमिनीवर कोसळावे लागले.

आम्ही राहतो शहापूरला. सासूबाई मात्र धाकट्या दिरांकडे, मुरबाड तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी. शहापूरहून किन्हवलीवरून सरळगाव गाठायचे आणि तेथून आत वळायचे. त्यांचे वय एकाहत्तर. शहापूरच्या ब्लॉकमध्ये चार दिवस काढले की त्यांचा जीव गुदमरतो. राब भाजण्यापासून भात घरात येईपर्यंत त्यांचे लक्ष सारे शेतावर, आणि आवणी सुरू झाली की बांधावर उभे राहून बायकांना सूचना देणे हा त्यांचा पिढीजात हक्क. अशा बाईला काही होईल असे आम्हां कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

पहिल्यांदा झाले ते गौरींच्या दिवशी. तांदळाची भाकरी थापता थापता त्या एकाएकी एका कुशीवर कलंडल्या. नशीब एवढेच की चुलीच्या बाजूला कलंडल्या नाहीत. अर्ध्या मिनिटात डोळे उघडून म्हणाल्या, "काय झालं? अशा काय बघताय माझ्याकडं?" आणि पुन्हा परातीकडे हात. गावच्या रिवाजाप्रमाणे एक सलाईन लागले, उपासांवर खापर फुटले आणि मी शहापुरात सगळ्यांना सांगितले, "आईंना जरा चक्कर आली होती."

दुसऱ्यांदा झाले ते पौषात, म्हशाच्या जत्रेत. बैलांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकाने बघत माणसांच्या लोंढ्यातून चालताना त्या ताडकन पडल्या. या वेळी हातपायही झाडले. मग काय विचारता! कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी पायातली चप्पल. एका म्हातारबुवांनी देवीचे वारे असल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्यांनी फेफरे म्हणून सांगितले. आम्ही सुशिक्षित, म्हणून आम्ही दुसऱ्यांचे ऐकले. एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो. तेथे प्रसंगाचे वर्णन करण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले, कारण घरात बोलण्याचा पगार घेणारी मीच. मी म्हणाले, "आईंना चक्कर येते आणि मग हातपाय झाडतात." मेंदूचा आलेख काढला, हृदयाचाही काढला. हृदयाच्या आलेखात वयाप्रमाणे थोडासा फरक आहे, एवढेच निघाले. त्या क्षणी नाडी सत्तर होती आणि रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. फेफऱ्याच्या गोळ्या सुरू झाल्या. सासूबाई दिवसभर पेंगू लागल्या, आणि पेंगतात त्या अर्थी औषध लागू पडले असे आम्ही समजलो.

तिसरा झटका आला आषाढात, आवणीच्या ऐन घाईत. शेतावरून परतून सासूबाई पडवीत टेकल्या होत्या. शेजारी माझी धाकटी जाऊ सुपात तांदूळ निवडत होती. सासूबाई बोलता बोलता गप्प झाल्या आणि मान टाकली. जाऊ माझी दहावी झालेली; लग्नानंतर दोन वर्षे ती अंगणवाडीत मदतनीस होती आणि तेथल्या कुठल्याशा शिबिरात तिला नाडी मोजायला शिकवले होते. कांदा शोधण्याऐवजी तिने मनगट धरले. नंतर तिने मला सांगितले ते तिच्याच शब्दांत देते.

"वहिनी, आधी नाडी लागलीच नाही. मला वाटलं, मलाच सापडत नाहीये. म्हणून गळ्याशी बोटं ठेवली, तर तिथंही नाही. मनात दहापर्यंत म्हटलं. तोंड तर कण्यांच्या पेजेसारखं पांढरंफटक. मग एक ठोका लागला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. मग तोंड एकदम लाल झालं आणि आई उठून बसल्या. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मोजली."

मोजली आणि कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितात त्या चौकोनात, पेन्सिलीने लिहिली: आईंची नाडी १५ सेकंदांत ८.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. तिने सांगितलेले वाक्य मी अजून विसरू शकत नाही. "वहिनी, आईंना चक्कर नाही येत. आईंची नाडी थांबते."

वाचकहो, या एका वाक्यासाठी आम्ही अकरा महिने आणि बरेचसे पैसे घालवले होते. चक्कर म्हणजे घर फिरणे, जमीन हलणे. कानाच्या आतल्या बिघाडानेही ती येते आणि तिच्यात माणूस बहुधा शुद्धीवर असतो. सासूबाईंचे घर कधीच फिरले नव्हते. त्यांचा दिवाच मालवत होता आणि पुन्हा लागत होता. मी डॉक्टरांपुढे चुकीचा शब्द ठेवला आणि डॉक्टर बिचारे त्या शब्दाच्या मागे गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सासूबाईंना घेऊन कल्याणला एका हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. जावेने कॅलेंडरचे पान फाडून बरोबर दिले होते. तेथे पोचेपर्यंत नाडी पुन्हा शहाण्यासारखी सत्तरवर आलेली! यजमान पुटपुटले, "आता हेही हात हलवत परत पाठवणार." पण डॉक्टरांनी ते चुरगळलेले पान टेबलावर सरळ केले, दोनदा वाचले आणि विचारले, "हे कोणी लिहिलं?" मग जुना आलेख पाहिला आणि म्हणाले, "यांना आज घरी नेऊ नका." सासूबाईंना त्यांनी यंत्राखाली ठेवून घेतले. रात्री दोनच्या सुमारास यंत्राने टाहो फोडला. परिचारिका धावली तेव्हा सासूबाई जाग्या होऊन तिलाच विचारत होत्या, "काय झालं गं?" कागदावर मात्र सहा सेकंदांची सरळ रेघ उमटली होती.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "हार्ट ब्लॉक आहे."

येथे दुसरा शब्द आडवा आला. यजमानांनी तासाभरात डोंबिवली, ठाणे, पुणे अशा सर्व नातलगांना कळवले की आईच्या हृदयात ब्लॉक निघालेत. डोंबिवलीच्या भाच्याने लगेच उलट विचारले, "किती टक्के? एक आहे का दोन?" आमच्याकडे ब्लॉक म्हटले की रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी आणि फुगा घालून ती मोकळी करणे, एवढेच ठाऊक. (मध्य रेल्वेच्या प्रवाशांना रविवारचा ब्लॉकही ठाऊक असतो, आणि मौज अशी की सासूबाईंच्या दुखण्याला तोच अधिक जवळचा होता.) डॉक्टरांनी आम्हां सर्वांना बसवून समजावले. त्यांचे बोलणे मी माझ्या रीतीने सांगते.

शहापूरकरांना तानसाचे नळ नव्याने दाखवायला नकोत. आमच्या तालुक्यातल्या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे दुःख जुने आहे. समजा, या नळात गाळ साचला आणि पाणी अडले. ती झाली रक्तवाहिनीतली अडचण, जिला लोक ब्लॉकेज म्हणतात. पण नळ स्वच्छ आहे, धरण भरलेले आहे, पंपही धडधाकट आहे, आणि पंपाकडे येणारी विजेची तार मात्र तुटली आहे, तर? पाणी थांबेलच, पण कितीही नळ साफ केले तरी ते यायचे नाही. हार्ट ब्लॉक म्हणजे ही तार तुटणे. तो नळाचा रोग नव्हे, तारेचा रोग आहे.

हृदयाला चार कप्पे, हे आपण शाळेत शिकलो. वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो आपण होऊन, कोणाच्या हुकमाची वाट न पाहता, मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेची सूक्ष्म लहर सोडतो. लहर वरच्या कप्प्यांतून पसरते, ते आकुंचन पावतात. मग ती मधल्या एका नाक्यावर पोचते. तेथे तिला सेकंदाच्या दहाव्या भागाइतके थांबावे लागते. ही अडवणूक शहाणपणाची आहे, कारण तेवढ्या वेळात वरचे रक्त खाली उतरते. मग नाक्यावरून निघालेल्या तारांच्या जुडग्यातून लहर खालच्या मोठ्या कप्प्यांत जाते आणि आपल्या मनगटाला ठोका जाणवतो. दिवसाकाठी असे एक लाखाच्या आसपास ठोके. आपण जेवतो, भांडतो, झोपतो. हा कारभार एका दिवसाची रजा घेत नाही.

या कारभाराची उकल अगदी अलीकडची आहे. मधला नाका आणि त्याच्या पुढच्या तारांचे जाळे सुनाओ तावारा नावाच्या जपानी तरुणाने जर्मनीत राहून, चिकाटीने सूक्ष्मदर्शकाखाली काप तपासून 1906 मध्ये जगापुढे मांडले. वरचा पुंजका सापडला त्याची हकीकत तर गोष्टीतली वाटावी अशी. इंग्लंडच्या केंट परगण्यात आर्थर कीथ यांच्या खेड्यातल्या घरी मार्टिन फ्लॅक हा वैद्यकाचा विद्यार्थी चिचुंद्रीसारख्या एका बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या हृदयाचे काप तपासत होता. कीथ पतिपत्नी बाहेर गेली होती. ती परत आली तो हा पोरगा आनंदाने दारात उभा! त्या क्षुद्र जनावराच्या हृदयात त्याला एक वेगळीच गाठ दिसली होती. मग इतर प्राण्यांत पाहिले, माणसात पाहिले, सर्वत्र तीच. 1907 मध्ये दोघांनी ते प्रसिद्ध केले.

सासूबाईंच्या नाक्यापलीकडची तार वयोमानाने झिजली होती. कधी जोडली जाई, कधी तुटे. जोडलेली असताना आलेख काढला तर त्यात विशेष काही दिसत नसे. तुटली की वरचे कप्पे आपले सत्तरच्या चालीने धडधडत राहात, पण खाली निरोप पोचत नसे. अशा वेळी खालचे कप्पे काही क्षण गोंधळून थांबतात आणि मग नाइलाजाने स्वतःच, मिनिटाला वीस ते चाळीसच्या संथ चालीने, काम सुरू करतात. ते थांबतात तेवढ्या वेळात मेंदूला रक्त नाही. पाच-दहा सेकंदांत शुद्ध जाते. थोडे लांबले तर हातपाय झाडतात. म्हणजे फेफरेही खोटे नव्हते. फक्त ते मेंदूतून उगवलेले नव्हते, छातीतून वर गेलेले होते.

हीच गोष्ट डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स या डॉक्टरांनी 1827 मध्येच लिहून ठेवली होती. त्यांचा रोगी जकात खात्यातला अडुसष्ट वर्षांचा अधिकारी होता. त्याची नाडी अतिशय मंद, आणि त्याला वरचेवर झटके येत. सर्व जण मेंदूकडे बोट दाखवत असता मूळ दोष हृदयात असावा, असे ॲडम्स यांनी सुचवले. पुढे 1846 मध्ये त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्स यांनी असे आणखी रोगी वर्णिले. या झटक्यांना आजही या दोघांचीच नावे आहेत. त्यांच्यापाशी कुठले यंत्र होते? बोटे होती, घड्याळ होते आणि रोग्याचे ऐकून घेण्याची तयारी होती. माझ्या जावेपाशीही याहून अधिक काही नव्हते.

आपल्याकडे तर नाडी पाहणे ही घरोघरची विद्या होती. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गतीला जळू, साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीच्या उपमा दिल्या आहेत. आणि थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक असते, असेही तेथे बजावले आहे. आजच्या ज्ञानाने त्यात एक दुरुस्ती करायला हवी. एखादा ठोका मधूनच चुकणे पुष्कळ निरोगी माणसांत आढळते, आणि त्याचा अर्थ बहुधा एवढाच की एक ठोका वेळेआधी पडून गेला. 'काळजाचा ठोका चुकला' असे आपण म्हणतो तेव्हा बरेचदा तेच झालेले असते. त्याला भिऊ नये. डॉक्टरांना एकदा दाखवावे म्हणजे झाले. पण नाडी पन्नाशीच्या, चाळिशीच्या खाली उतरली आणि बरोबर शुद्ध जाणे, दम लागणे किंवा कमालीचा थकवा असेल, तर मात्र दिवस घालवू नये. व्यायामपटूंची नाडी एरवीही मंद असते, ती गोष्ट वेगळी. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांनीही ठोके मंदावतात, म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटेच डॉक्टरांपुढे ठेवावीत. आणि देवळाच्या आवारात पिवळ्या फुलांची बिट्टी असते ना, जिच्या बियांनी मुली खेळतात? त्या बिया पोटात गेल्या तर त्यांच्या विषानेही असाच ब्लॉक होतो. बिट्टीची बी कोणी खाल्ली असे कळले तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

मी डॉक्टरांना विचारले, की पहिल्याच दिवशी आम्ही काय सांगायला हवे होते? ते म्हणाले, "तुमचं निदान नको होतं मला. तुम्ही काय पाहिलंत ते हवं होतं." पडण्याआधी घाम, मळमळ, अंधारी आली का? उन्हात किंवा गर्दीत खूप वेळ उभे राहून मग पडणाऱ्याला ती येते, आणि ती भोवळ बहुतेक निरुपद्रवी असते. की काहीच सूचना न मिळता, बसल्या जागी, वाक्याच्या मध्यावर शुद्ध गेली? चेहरा पांढरा पडला की निळसर झाला? जीभ चावली गेली का? शुद्धीवर आल्यावर माणूस लगेच ओळखू लागला, की अर्धा तास भ्रमिष्टासारखा होता? मेंदूच्या फेफऱ्यानंतर बहुधा भ्रम आणि झोप येते, हृदयाच्या झटक्यानंतर माणूस "काय झालं?" म्हणून भाकरी थापायला लागतो. हे सारे आम्ही तिन्ही वेळा डोळ्यांनी पाहिले होते! पण पाहिलेले सांगायचे सोडून आम्ही त्याला आमच्याकडचे एक नाव देऊन मोकळे झालो होतो.

माणूस पडला की त्याला आडवे ठेवावे, तोंडात पाणी घालू नये, मनगटावर किंवा गळ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून ठोके मोजावेत. हाक मारूनही उठत नाही, श्वास नीट चालत नाही, असे दिसले तर नाडी शोधत बसू नये. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, भराभर दाबत राहावे आणि दुसऱ्या कोणीतरी 108 ला फोन करावा. जावेने हे मला पुढे करून दाखवले. तिने ते शिबिरात उशीवर शिकून घेतले होते.

उपाय एकच होता, पेसमेकर. झिजलेल्या तारेला औषध नाही. तिच्याऐवजी दुसरी तार घालायची. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत काडेपेटीएवढे यंत्र ठेवतात आणि त्याची तार शिरेतून हृदयात सोडतात. तेवढा भाग बधिर केलेला असतो, रोगी जागा असतो. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे बॅटरीवर जगायचं?"

त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मी या यंत्राचा इतिहास वाचला, आणि वाचता वाचता धीर आला. पूर्वीची यंत्रे पेटीएवढी असत आणि भिंतीतल्या विजेवर चालत. 1957 च्या 31 ऑक्टोबरला अमेरिकेत मिनियापोलिस शहराची वीज गेली. लोडशेडिंग भोगलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. डॉ. लिलेहाय यांनी रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना बॅटरीवर चालणारे काही करता येईल का असे विचारले. आणि बॅकन यांनी एका मासिकात पाहिलेल्या, गाण्याचा ताल धरून देणाऱ्या यंत्राच्या जोडणीवरून काही आठवड्यांत गळ्यात अडकवण्याजोगा पेसमेकर तयार केला.

तो शरीराबाहेरचा. शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर स्वीडनमधल्या आर्ने लार्सन यांचा. वय 43, दिवसाला वीस-तीस झटके. त्यांची पत्नी एल्स-मारी हिने कुठेसे वाचले की इंजिनियर रुने एल्मक्विस्ट आणि शल्यविशारद ओके सेनिंग यांचे असे काही प्रयोग चालू आहेत. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. माणसासाठी यंत्र तयार नाही म्हणाले, तर म्हणाली, मग तयार करा. एल्मक्विस्ट यांनी बुटाच्या पॉलिशच्या डबीत राळ ओतून यंत्राला आकार दिला आणि 8 ऑक्टोबर 1958 रोजी ते लार्सन यांच्या पोटात बसवले. काही तासांतच ते बंद पडले! दुसरे बसवले. तेही फार टिकले नाही. पण लार्सन टिकले. आयुष्यात एकामागून एक सव्वीस यंत्रे त्यांनी वापरली, इंजिनियर आणि शल्यविशारद या दोघांच्याही मागे ते जगले आणि 2001 मध्ये शहाऐंशीव्या वर्षी गेले, ते कर्करोगाने. वैद्यकाच्या पुस्तकांत दोन पुरुषांची नावे ठळक असतात. मला त्या बाईचे नाव अधिक ठळक छापावेसे वाटते.

पैशांचा प्रश्न मी टाळणार नाही. मध्यमवर्गीय घरात तो पहिल्यांदा मनात येतो आणि शेवटी तोंडावर. आमचे राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून बरेच भागले. पेसमेकर त्या योजनेत बसतो, हे आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते. ज्यांना असा आधार नव्हता त्यांच्यासाठी मुंबईत एक वेगळाच प्रयत्न झाला होता. अमेरिकेत शिकागोच्या परिसरात मृतांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थांतून, नातलगांच्या संमतीने, मृतांच्या अंगातले पेसमेकर गोळा केले गेले. अशा 121 यंत्रांपैकी 53 यंत्रांच्या बॅटरीत पुरेसे आयुष्य शिल्लक होते. ती निर्जंतुक करून 2004 ते 2010 या काळात वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात 53 गरीब रुग्णांना बसवली. ना कोणाला जंतुसंसर्ग झाला, ना एखादे यंत्र दगा देऊन बंद पडले. डॉ. भारत कंठारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अनुभव पुढे अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नंतर 2020 मध्ये कॅनडाहून मेक्सिको आणि शेजारच्या देशांत पाठवलेल्या यंत्रांचा, हजारावर रुग्णांचा, असाच हिशेब प्रसिद्ध झाला. जुन्या-नव्या यंत्रांत जंतुसंसर्गाच्या बाबतीत लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही.

हे मी सासूबाईंना वाचून दाखवले. मला वाटले, मेलेल्याच्या अंगातले म्हटल्यावर त्या शिवशिव करतील. त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "शिकागोची बाई गेली, आणि तिचा ठोका वांद्र्याच्या बाईला. बरं झालं की." आणि मग, "माझं मेल्यावर काढून घेतील का?" काढावे लागतेच, असे डॉक्टर म्हणाले, चितेत यंत्राचा स्फोट होतो, म्हणून दहनाआधी ते काढायचे आणि घरच्यांनी हे आधीच ध्यानात ठेवायचे. यजमान उठून बाहेर गेले. सासूबाईंनी मात्र हे जावेला समजावून सांगितले, जणू काही लोणच्याची बरणी कोणत्या फळीवर ठेवायची ते सांगत आहेत.

शस्त्रक्रियेला तास-दीड तास लागला. आल्या तेव्हा पहिले वाक्य, "आवणी उरकली का?" फेफऱ्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून बंद झाल्या आणि पेंगणाऱ्या सासूबाईंच्या जागी आमच्या जुन्या सासूबाई परत आल्या, याचे सर्व परिणाम सुनांनी भोगले. काही आठवडे डावा हात खांद्यावर उचलायचा नाही, हे पथ्य त्यांना सर्वांत जड गेले, कारण त्याच हाताने त्या माळ्यावरचा डबा काढतात. मोबाइल यंत्रापासून वीतभर दूर ठेवायचा, वरच्या खिशात नाही. त्यांना खिसाच नाही, तेव्हा प्रश्न मिटला. शहापूरच्या घरात इंडक्शनची शेगडी आहे, तिच्यापासून दोन हात लांब राहायचे. ही सूचना त्यांनी फार आनंदाने पाळली, कारण त्या शेगडीवरचे अन्न त्यांच्या मते अन्नच नव्हे. गावात वेल्डिंग चालू असेल तेथे रेंगाळायचे नाही. बॅटरी आठ-दहा वर्षे चालते. संपत आली की तपासणीत आधी कळते आणि यंत्र बदलतात.

यंत्र मिनिटाला साठाच्या खाली नाडी उतरू देत नाही. जावेला हे सांगितले तरी तिचा विश्वास बसत नाही. दर रविवारी दुपारी, भांडी झाली की ती सासूबाईंचे मनगट धरते, घड्याळाकडे बघते आणि कॅलेंडरवर दुधाच्या चौकोनात आकडा लिहिते. परवा दसऱ्याला मी गेले तेव्हा तिने माझ्या हातात मनगट दिले आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही मोजा बघू." मला पहिल्यांदा नाडी सापडलीच नाही. सासूबाई हसू लागल्या. जावेने माझी बोटे धरून थोडी अंगठ्याच्या बाजूला सरकवली, तेव्हा ठोका लागला. पंधरा सेकंदांत सतरा मोजले. जावेने ते कॅलेंडरवर लिहिले आणि खाली, बारीक अक्षरात, पुढच्या तपासणीची तारीख लिहिली.